वाटेची लांबी : संगणकी दप्तराच्या इतिहासांतील एक प्रकरण

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भिगवण सोडल्यावर आणि इंदापूर येण्यापूर्वीं, पळसदेव नांवाचें गांव लागतें. मूळचें गांव ह्या जागीं नव्हतें. तें खालीं भीमेच्या कांठीं होतें. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, जलाशय पसरला आणि जुनी वस्ती पाण्याखालीं गेली. गांवकऱ्यांनीं वर येऊन नवीं घरें बांधलीं. नांव मात्र जुनेंच ठेविलें. पळसनाथाचें पुरातन देऊळ तेवढें खालीं राहिलें. एखाद्या वर्षीं पाऊस ओढ धरतो, धरण तळ गांठतें, आणि मग २०२४ च्या उन्हाळ्यांत झालें त्याप्रमाणें तें देऊळ पाण्याबाहेर येतें. लोक वाळलेल्या गाळावरून चालत जाऊन देवदर्शन करितात. एरवीं देऊळ असतेंच. तें कोठें आहे हें साऱ्या पंचक्रोशीस ठाऊक असतें. नसते ती तेथवर पोंचण्याची वाट.

वस्तु जागच्या जागीं असावी आणि वाट नाहीं म्हणून ती असून नसल्यासारखी व्हावी, हा प्रकार संगणकांत नित्य घडतो. त्याचा इतिहास साडेचार तपांच्या आंतलाच आहे. परंतु त्या इतिहासांत मराठी लिहिणाऱ्यांस इतरांहून अधिक किंमत मोजावी लागली, आणि ती कां, हें मराठी घरांत क्वचितच सांगितलें गेलें आहे.

प्रथम ‘वाट’ ह्या शब्दाचा अर्थ पाहावा. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. एखादा कागद हवा असेल तर आधीं त्याचें कपाट, मग रुमाल, मग रुमालांतील गड्डी, असें आंत आंत जावें लागतें. संगणकांतील व्यवस्था हीच आहे. तेथील रुमालास फोल्डर म्हणतात, कागदास फाईल म्हणतात, आणि फोल्डरच्या पोटांत फोल्डर कितीही ठेवतां येतात. बाहेरच्या फोल्डरपासून आंतल्या फाईलपर्यंतचीं सर्व नांवें, मध्यें तिरप्या रेघा देऊन, एका ओळींत लिहिलीं कीं त्या फाईलीची वाट तयार झाली. महाराष्ट्र/पुणे/इंदापूर/पळसदेव ही अशी एक वाट होय. कारकुनाला निदान दिवा घेऊन कपाटें धुंडाळतां येतात. प्रोग्रामला ती सोय नाहीं. ही ओळ संपूर्ण व अचूक हातीं असेल तरच फाईल मिळावयाची.

सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, ज्यास सोर्स म्हणतात, तो एका चोपडींत मावत नाहीं. एखाद्या मध्यम प्रोग्रामाचेही शेंकडों तुकडे असतात आणि मोठ्याचे हजारों. ते सर्व फोल्डरांत फोल्डर करून लावलेले असतात. हा पसारा एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवावयाचा तर त्याचा एकच गठ्ठा बांधतात. घेणारा तो आपल्याकडे सोडतो आणि सगळी मांडणी जशीच्या तशी उभी राहते, म्हणजे राहावी अशी अपेक्षा असते. गठ्ठ्यांत प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची वाट लिहिलेली असते. ती वाट लिहिण्यास जागा किती ठेवावी, ह्या एका क्षुद्र वाटणाऱ्या प्रश्नांतून पुढील सारें प्रकरण उद्भवलें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स नांवाची प्रणाली १९६९ पासून घडत होती. तिची सातवी आवृत्ति १९७९ च्या जानेवारींत निघाली आणि तिच्याबरोबर ‘टार’ हा गठ्ठा बांधणारा प्रोग्राम आला. त्या काळीं गठ्ठे चुंबकीय फितीवर ठेवीत, आणि फितीवरची दप्तरबंदी ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच त्याचें नांव पडलें. टारच्या गठ्ठ्यांत प्रत्येक फाईलीच्या आधीं एक छापील नमुन्यासारखें पान असतें. बाइट म्हणजे संगणकाच्या स्मृतींतील एक घर. असें ५१२ घरांचें हें पान, आणि त्यांतील पहिलीं १०० घरें नांवासाठीं, म्हणजे वाटेसाठीं. त्यांतही शेवटचें घर ‘येथें ओळ संपली’ ह्या खुणेकरितां रिकामें सोडावयाचें; तेव्हां हातीं राहिलीं ९९.

हा कंजूषपणा होता असें म्हणतां येत नाहीं. त्या युनिक्समध्यें कोणत्याही एका फाईलीचें वा फोल्डरचें नांव १४ अक्षरांहून मोठें करतांच येत नसे. सहा फोल्डर एकांत एक ठेवून प्रत्येकाचें नांव कमाल लांबीचें दिलें तरी वाट शंभराच्या आंतच राही. फितीवरची प्रत्येक घराची जागा मोलाची होती, आणि काम करणारे लोक नांवें ठेवतांना इतके काटकसरी, कीं कित्येक आज्ञा दोनच अक्षरांच्या आहेत. पुढें कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठानें १९८३ सालीं आपल्या युनिक्समध्यें एका नांवाची मर्यादा १४ वरून एकदम २५५ वर नेली. कपाट मोठें झालें, नमुन्याचें पान तेंच राहिलें. तेथून विसंगतीस आरंभ झाला.

ती दूर करण्याचा पहिला शास्त्रोक्त यत्न १९८८ च्या पॉझिक्स ह्या मानकांत झाला. टारच्या पानांत कांहीं जागा मोकळी होती. तिच्यांतून १५५ घरें काढून तीं वाटेच्या पूर्वार्धास दिलीं आणि जुनीं १०० उत्तरार्धास ठेविलीं. मात्र तुकडा पाडावयाचा तो तिरप्या रेघेवरच. नांवाच्या मध्यें कापतां येत नाहीं. म्हणून सबंध वाट अडीचशेंपर्यंत जाऊं शकली, तरी शेवटचें एक नांव शंभराहून मोठें असेल तर गठ्ठा बांधतांच येईना. ग्नू ह्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळींतील टारनें निराळी युक्ति केली. लांब नांव आलें कीं खऱ्या फाईलीच्या आधीं एक बनावट फाईल घालावयाची आणि तिच्या पोटांत पूर्ण वाट लिहावयाची. युक्ति चांगली, पण ती ज्यास ठाऊक नाहीं अशा परक्या टारनें तो गठ्ठा सोडला, तर बनावट फाईल खरी म्हणून बाहेर पडे आणि खऱ्या फाईलीचें नांव शंभराव्या घराशीं तोडलेलें निघे. दोन फाईलींचीं पहिलीं शंभर घरें सारखीं असलीं, तर दुसरी पहिलीच्या उरावर लिहिली जाई, आणि हजारांत एक फाईल कमी झाल्याचें कोणास कळतही नसे. शेवटीं २००१ च्या पॉझिक्स मानकांत ‘पॅक्स’ नांवाचा नमुना आला. त्यांत वाटेची लांबी आधीं आंकड्यांत लिहितात आणि मग वाट. घरांची संख्या छापून ठेवण्याची पद्धतच गेली. बावीस वर्षांनीं ही गोष्ट झाली.

विंडोजची हकीकत वेगळी आहे आणि सामान्य घरांतील संगणकाशीं संबंध तिचाच अधिक येतो. १९८१ च्या डॉसमध्यें नांवास आठ अक्षरें, मग टिंब, मग तीन अक्षरें, एवढीच मुभा होती. १९९५ च्या विंडोजनें ही जाचक अट घालविली आणि लांब नांवें घराघरांत आलीं. परंतु संपूर्ण वाटेवर एक मर्यादा राहिली : २६०. तिचा हिशेब असा. ‘सी’ हें कपाटाचें अक्षर, एक विसर्गासारखें चिन्ह आणि एक उलटी तिरपी रेघ, हीं तीन घरें. मग प्रत्यक्ष वाटेस २५६. आणि शेवटचें एक ओळ संपल्याच्या खुणेस. आश्चर्य हें कीं १९९३ सालीं निघालेल्या विंडोज एनटीच्या गाभ्यास ३२,७६७ अक्षरांपर्यंतची वाट चालत होती. तिजोरी मोठी होती, दरवाजाच अरुंद होता. जे प्रोग्राम नेहमींच्या दरवाजानें जात त्यांस २६० ची अट. ज्यांस आडवाटेचा विशेष उपसर्ग ठाऊक, त्यांस ती नाहीं. परिणामीं एका प्रोग्रामनें तयार केलेली फाईल दुसऱ्यास उघडतां येईना, हलवितां येईना, कित्येकदां पुसतांही येईना. फाईल तबकडीवर आहे, तिनें जागा अडविली आहे, यादींत ती दिसते. वाट तेवढी नाहीं.

हा दरवाजा रुंद कां केला नाहीं, असें कोणीही विचारील. कारण असें कीं हजारों जुन्या प्रोग्रामांनीं आपल्या स्मृतींत वाटेसाठीं बरोबर २६० घरें राखून ठेविलीं होतीं. त्यांस ३०० घरांची वाट दिली असती तर उरलेलीं चाळीस अक्षरें शेजारच्या माहितीवर सांडलीं असतीं. लोकांचे चालते प्रोग्राम मोडूं नयेत ही विंडोज करणाऱ्यांची दृष्टि होती, आणि ती सर्वस्वी चूक म्हणवत नाहीं.

इकडे वाटा मात्र वाढत गेल्या. १९९५ च्या जावा भाषेनें संस्थेचें नांव उलट्या क्रमानें लिहून त्याचे फोल्डरांत फोल्डर करण्याची रीत पाडली. जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ ह्या भांडारानें तर कमाल केली : प्रत्येक साधनाच्या पोटांत त्यास लागणारीं साधनें, त्यांच्या पोटांत त्यांचीं, अशी उतरंड. २०१५ मध्यें त्याच्या तिसऱ्या आवृत्तीनें ही उतरंड शक्य तेथें सपाट केली, आणि विंडोजवाल्यांनीं सुटकेचा श्वास टाकला.

इंदापुरांतील एखाद्या विद्यार्थ्यानें अशा एका प्रकल्पाचा झिप गठ्ठा उतरवून घेतला तर काय घडतें, तें पाहण्यासारखें आहे. गठ्ठा ‘डाउनलोड्स’ मध्यें येतो. तेथपर्यंतच सी, मग यूझर्स, मग संगणकाच्या मालकाचें नांव, मग डाउनलोड्स, एवढी वाट खर्ची पडलेली असते. ‘सर्व सोडा’ ही आज्ञा दिली कीं विंडोज गठ्ठ्याच्याच नांवाचा एक फोल्डर काढतें. आणि गठ्ठ्याच्या आंतही बहुधा त्याच नांवाचा फोल्डर असतो. म्हणजे प्रकल्पाचें लांबलचक नांव दोनदां लागलें. मूळ लेखकाच्या संगणकावर जी वाट २०० अक्षरांची होती ती येथें २६० ओलांडते. पडद्यावर चौकट येते : नांव फार लांब आहे, ही फाईल वगळावी काय? हजार फाईलींत दोन वगळल्या म्हणून काय झालें, असें समजून तो होकार देतो. अर्ध्या तासानें प्रोग्राम बांधावयास घेतला कीं अमुक फाईल सांपडत नाहीं अशी तक्रार येते, आणि तो बिचारा आपल्या अभ्यासांत चूक शोधीत बसतो. चूक अभ्यासांत नसते. जाणते लोक म्हणूनच असा गठ्ठा सी कपाटाच्या तोंडाशींच, एका अक्षराच्या नांवाचा फोल्डर करून, त्यांत सोडतात.

आतां मराठीकडे वळावें. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें काम पुण्यांतच झालें. १९८८ सालीं तेथें सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या ‘जिस्ट’ तंत्रानें कित्येक कचेऱ्यांत देवनागरी दिसूं लागली. १९९१ मध्यें ‘इस्की’ हें भारतीय मानक ठरलें. त्यांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एकच घर लागे. नागरी व रोमी ह्यांचें भाडें सारखें. त्याच १९९१ मध्यें युनिकोड ही सर्व जगाच्या लिप्यांची एकत्र यादी प्रसिद्ध झाली. तिच्यांतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधींच्या रूपावर बेतलेली आहे. पण यादीतला क्रमांक स्मृतींतील घरांत कसा बसवावा हा प्रश्न निराळा. त्याचें सर्वमान्य झालेलें उत्तर केन थॉम्सन आणि रॉब पाइक ह्या दोघांनीं १९९२ च्या सप्टेंबरांत, न्यू जर्सींतील एका खाणावळींत जेवतां जेवतां आंखलें. त्यास यूटीएफ-८ म्हणतात. हाच थॉम्सन युनिक्सच्या मूळ कर्त्यांपैकीं एक; त्यामुळें जुन्या युनिक्सचें काडीइतकेंही मोडूं नये अशी काळजी त्यांत घेतलेली आहे. रोमी अक्षरास पूर्वींप्रमाणें एक घर. क्रमांक २०४७ पर्यंतच्या अक्षरांस दोन घरें. त्यांत ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी येऊन जातात. त्यापुढें तीन. देवनागरीचा पहिला क्रमांक २३०४ आहे. अडीचशें क्रमांकांच्या फरकानें आपली लिपि तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत बसली, आणि येथें तिसऱ्या वर्गाचें भाडेंच अधिक.

श्रोत्यांनीं हवें तर कागद-पेन्सिल हातीं घ्यावी. संगणक अक्षर मोजतो तें आपल्या बाराखडीप्रमाणें नव्हे. व्यंजन, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ह्या प्रत्येकाची तो वेगळी गणती करितो. ‘महाराष्ट्र’ ह्यांत अशीं १० चिन्हें, ‘पुणे’ ह्यांत ४, ‘इंदापूर’ ह्यांत ७ आणि ‘पळसदेव’ ह्यांत ६, एकूण २७. प्रत्येकीं तीन घरें म्हणजे ८१, आणि मधल्या तीन तिरप्या रेघांचीं तीन मिळून ८४. टारच्या शंभरांतून उरलीं १६. एक रेघ घातली कीं १५, म्हणजे पांच चिन्हें. ‘नकाशा’ हा शब्द बरोबर पांच चिन्हांचा आहे. महाराष्ट्र/पुणे/इंदापूर/पळसदेव/नकाशा ही वाट बरोबर १०० घरांची झाली. १९७९ च्या नमुन्यांत ९९ च मोकळीं असल्यामुळें ती एका घरानें बाहेर पडते. जुन्या वळणाच्या कोणी पुण्यावर अनुस्वार दिला तर आणखी तीन घरांचा भुर्दंड! हीच वाट पळसदेवपर्यंत रोमी लिपींत लिहिली तर ३३ घरांत आटोपते आणि पुढें फाईलीच्या नांवास भरपूर जागा राहते. १९८८ च्या नमुन्यांत पूर्वार्ध वेगळा काढतां येतो म्हणून ही विशिष्ट वाट बसते; पण त्यांतही शेवटचें एक नांव ३३ देवनागरी चिन्हांपलीकडे गेलें कीं संपलें.

नंतरच्या लिनक्समध्यें एका नांवास २५५ घरें आहेत. इंग्रजी नांव २५५ अक्षरांचें चालतें, मराठी ८५ चिन्हांचें. विंडोज मात्र नांवें साठवितांना निराळी पद्धत वापरतें आणि तेथें देवनागरीचें चिन्ह व रोमीचें अक्षर दोहोंची गणती एकच होते. म्हणून उलट गंमत अशी होते, कीं मराठी कचेरींतील विंडोजवर शंभर चिन्हांचें नांव असलेली फाईल सुखानें नांदते, आणि तोच गठ्ठा लिनक्सच्या यंत्रावर सोडला तर ‘नांव फार लांब’ म्हणून नाकारली जाते. शंभराचीं तीनशें घरें झालेलीं असतात. मराठी विकिपीडियाच्या लेखांचीं शीर्षकें ह्याच २५५ घरांच्या आंत बसवावीं लागतात.

झिपचा तर आणखी एक गुण आहे. १९८९ सालीं फिल कॅट्झ ह्यानें काढलेल्या ह्या नमुन्यांत वाटेच्या लांबीस ६५ हजारांवर मुभा होती. लांबीच्या बाबतींत तो उदार. पण नांव कोणत्या लिपिपद्धतींत लिहिलें आहे हें सांगण्याची सोय त्यांत नव्हती. यूटीएफ-८ ची खूण २००६ मध्यें आली. ती नसेल तर ‘पळसदेव’ ह्या नांवाच्या जागीं अठरा विचित्र चिन्हांची रांग निघते. संकेतस्थळांवरून साठविलेल्या फाईलींत तर एकेका घराचीं तीन तीन रोमी चिन्हें होतात, आणि पळसदेवचीं ५४! तशा लिपींत लिहिलेली नकाशाची वाट विंडोजच्या २६० मध्येंही मावत नाहीं.

मराठी कारभारास लांब नांवांची हौस आहे हेंही येथें कबूल केलें पाहिजे. शासन निर्णयाचा विषय पाहावा : ‘बाबत’ हा शब्द येईपर्यंत दोनतीन ओळी सहज भरतात. तो विषय फाईलीचें नांव म्हणून द्यावा हें कारकुनास स्वाभाविक वाटतें, आणि बहुतेक मर्यादा तेथेंच मोडते. महाराष्ट्र शासनानें आपल्या संकेतस्थळावर ह्यावर सरळ तोड काढली आहे. प्रत्येक शासन निर्णयास १८ अंकांचा संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना व दिवस. लांब विषय यादींत आणि कागदाच्या आंत. बाहेर नुसता आंकडा. रुमालाला क्रमांक आणि मजकुराला विस्तार, ही जुन्या दप्तरदाराचीच पद्धत झाली. तिच्यांत एक उणें आहे, कीं यादी हरवली तर आंकड्यावरून कांहींच उमगत नाहीं. म्हणून यादी गठ्ठ्यांतच ठेवावी लागते.

विंडोजचा दरवाजा २०१६ सालीं किंचित् उघडला. त्या वर्षीच्या विंडोज १० च्या सुधारलेल्या आवृत्तीपासून २६० ची अट काढून टाकतां येते. पण ती आपोआप जात नाहीं. मालकानें एक कळ फिरवावी लागते आणि प्रत्येक प्रोग्रामनेंही आपण लांब वाटेस तयार आहों असें जाहीर करावें लागतें. गिट ह्या सोर्स सांभाळणाऱ्या साधनांतही विंडोजवर अशी एक वेगळी कळ आहे. दोहोंपैकीं एक राहिली तरी जुनीच अट लागू.

तोंवर सावध माणूस दोन गोष्टी करतो. गठ्ठा सोडण्यापूर्वीं तो त्याची आंतली यादी काढून फाईली मोजतो, आणि सोडल्यावर फोल्डरांतील फाईली पुन्हां मोजतो. दोन आंकडे जुळले नाहींत तर यादीतील सर्वांत लांब ओळी वेगळ्या काढून पाहतो. हरवलेली फाईल बहुधा त्यांतच असते, आणि मराठी नांवांचा गठ्ठा असेल तर अक्षरें न मोजतां घरें मोजावीं लागतात.